गिऱ्हाईक कुठलं, हा खरा प्रश्न

गेली दोन-तीन वर्षं एक वाद सगळीकडे ऐकू येतो. कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहायला लागली आणि टीव्हीवरच्या चर्चेपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत लोक विचारू लागले, आपल्या आयटीचं आता काय होणार? एक बाजू म्हणते, तासांवर माणसं विकायचे दिवस संपले. चाळीस वर्षं आपण दुसऱ्याची हमाली केली, आता प्रॉडक्ट बनवा, म्हणजे एकदा लिहून अनेकांना विकता येईल असं स्वतःचं सॉफ्टवेअर; आपलं गूगल कुठे आहे ते दाखवा. दुसरी बाजू उसळून म्हणते, ज्या हमालीनं लाखो घरांत पहिला फ्लॅट आणि पहिली गाडी आली, तिला नावं ठेवणारे तुम्ही कोण? दोन्हीकडची माणसं कळकळीनं बोलतात, पण भांडतात ते फक्त काय विकायचं यावर. कुणाला विकायचं, हे कुणी विचारतच नाही.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. सेवा आणि प्रॉडक्ट हे एकमेकांचे वैरी नाहीत. धंदा नीट चालला तर एकातून दुसरं निघतं. आपल्याकडे ते फारसं निघालं नाही, कारण ज्या गिऱ्हाइकाशेजारी बसून ते निघालं असतं, ते गिऱ्हाईक सातासमुद्रापार होतं. नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०२३-२४ मध्ये भारताच्या आयटी उद्योगाची उलाढाल सुमारे २५४ अब्ज डॉलर होती आणि त्यातली जवळजवळ २०० अब्ज डॉलर निर्यात होती. म्हणजे पाच रुपयांतले चार बाहेरून येतात. ज्या देशात दुकानदार, दूध संस्था, पतसंस्था, साखर कारखाने, दवाखाने, तहसील कचेऱ्या मिळून कोटींच्या हिशेबात आहेत, त्या देशाच्या सॉफ्टवेअर उद्योगाला घरचं गिऱ्हाईक पाचातलं एक. मला काळजी आहे ती या आकड्याची. विकसनशील देशाचा सॉफ्टवेअर उद्योग घरच्या गिऱ्हाइकावर उभा राहिला पाहिजे, मग त्यानं खुशाल जग फिरावं.

मी हे पुण्याच्या काचेच्या इमारतीत बसून लिहीत नाही. सांगली जिल्ह्यात गेली अठरा वर्षं मी दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. आमच्या ऑफिसात सहा माणसं आहेत. त्यामुळे या वादात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. पण मुद्दा माझ्या पोटापुरता नाही.

आपला उद्योग निर्यातीकडे वळला तो काही निसर्गनियमानं नाही. त्याला तसं वळवलं गेलं. १९७० च्या दशकात परकीय चलनाचा दुष्काळ होता. संगणक आयात करायचा तर सॉफ्टवेअर निर्यात करून डॉलर मिळवण्याची हमी द्यावी लागे. १९७३ मध्ये मुंबईत सीप्झ हे खास औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं तेही निर्यातीसाठीच. परदेशी कंपन्यांच्या मालकीवर मर्यादा घालणाऱ्या फेरा कायद्याच्या वादातून १९७८ मध्ये आयबीएमनं देश सोडला. १९८१ मध्ये पुण्यात सात इंजिनिअरांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस काढली, आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक न्यूयॉर्कचं होतं. १९९१ पासून सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आले, त्यांना उपग्रहाची जोडणी मिळाली आणि निर्यातीच्या नफ्यावर आयकर माफ झाला. ही माफी थेट २०११ पर्यंत टिकली. त्याच काळात इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आयकर भरत होता. शिवाय त्याच्या सीडीला माल म्हणायचं की सेवा, या घोळात जीएसटी येईपर्यंत व्हॅटही भरत होता आणि सेवाकरही. दोन मुलांपैकी एकाला वीस वर्षं दूध-तूप घातलं, दुसऱ्याला ताकावर ठेवलं, आणि आता म्हणायचं की दुसऱ्याच्या अंगातच दम नाही. हा न्याय कुठला?

तरीही सेवा-निर्यातीच्या बाजूनं जे बोललं जातं, त्यातलं खरं ते मान्य केलंच पाहिजे. १९९१ मध्ये या देशानं सोनं गहाण टाकलं होतं. तो देश पुन्हा त्या दारात गेला नाही, यात सॉफ्टवेअरच्या डॉलरचा मोठा वाटा आहे. हिंजवडीत रोज सकाळी बसमधून उतरणाऱ्या पोरा-पोरींत शेतकऱ्यांची, शिक्षकांची, एसटी कंडक्टरांची मुलं आहेत. जातीच्या आणि ओळखीच्या भिंती ज्या थोड्या क्षेत्रांनी जराशा खाली आणल्या, त्यांत हे एक क्षेत्र आहे. वेळेवर काम देणं, कामाची लेखी नोंद ठेवणं, चूक झाली तर ती शोधण्याची रीत पाळणं ही शिस्तही याच कामातून इथे आली. माझ्या सहातले दोघं पुण्यात अशा कंपन्यांत काम करून गावाकडे परतलेले आहेत, आणि त्यांच्याकडून मी रोज शिकतो. हा पाया कुणी हमाली म्हणून झटकला तर मला राग येतो.

पण पायाला पाया म्हणायचं, घर म्हणायचं नाही. मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते आठवून बघा. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या गिरणीची मुहूर्तमेढ रोवली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत गिरणगाव वाढलं ते मोठ्या प्रमाणात चीनला जाड सूत विकून. बाजार तयार, मागणी दांडगी, नफा चोख. कापड विणा, बारीक सूत काढा, देशातल्या माणसाला काय हवं ते बघा, ही कटकट करायची गरज कुणाला होती? मग जपानी गिरण्या आल्या. त्यांनी आपलाच कापूस बोटीनं नेला, त्याचं सूत काढलं, आधी जपानच्या आणि मग चीनच्या बाजारातून मुंबईला बाहेर ढकललं. पहिल्या महायुद्धापर्यंत चीनचा बाजार बराचसा हातचा गेला होता. अहमदाबादच्या गिरण्या उशिरा निघालेल्या, बंदरापासून लांब, पण त्या प्रामुख्यानं देशी गिऱ्हाइकासाठी कापड विणत होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या मालकांची दाणादाण उडाली तेव्हा अहमदाबाद त्या मानानं तगून राहिलं. मुंबईकडे यंत्रं होती, भांडवल होतं, कामगारांचं कसब होतं. नव्हती ती नेसणाऱ्या माणसाची ओळख. आज बंगळूर-पुण्याकडे बघताना मला ती गोष्ट आठवते आणि बेचैनी येते.

सेवेतून प्रॉडक्ट कसं निघतं, तेही बघू. कंपन्यांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर विकणारी जर्मनीची एसएपी ही प्रॉडक्टवाल्यांची लाडकी कंपनी. १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी ती सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे प्रॉडक्ट नव्हतं. स्वतःचा संगणकही नव्हता. ऑस्ट्रिंगेन नावाच्या छोट्या गावातल्या एका नायलॉन कारखान्यासाठी ते त्याच कारखान्याच्या मशीनवर प्रोग्रॅम लिहीत. म्हणजे चक्क सेवा. पण गिऱ्हाईक जवळ होतं, त्याची भाषा आणि त्याचे कायदे त्यांचेच होते, आणि लिहिलेला प्रोग्रॅम पुढच्या कारखान्याला विकायचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला. आपल्या सेवा कंपनीचा करार नेमका इथे वेगळा असतो. लिहिलेली ओळन् ओळ गिऱ्हाइकाची. काम संपलं की हातात उरतात पैसे आणि अनुभव. तो अनुभवही अमेरिकेतल्या विमा कंपनीचा. त्याचा इथल्या दुकानदाराला उपयोग काय?

आपल्याकडची यशस्वी उदाहरणं याच वाटेनं गेलेली दिसतात. गिरण्यांना कच्चा माल आणि सुटे भाग पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोएंकांना आपल्या धंद्याचा हिशेब ठेवणारं धड सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलगा भरत यानं ते लिहिलं. १९८६ मध्ये त्यातून टॅली उभी राहिली. आज तालुक्याच्या कुठल्याही बाजारपेठेत ‘टॅलीचे क्लास’ अशी पाटी दिसते आणि नोकरीच्या जाहिरातीत ‘टॅली येणे आवश्यक’ असं असतं. पुण्यात रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी धाकट्या भावाला संगणक शिकवला. त्या भावानं, संजयनं, दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधले व्हायरस काढायला प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून क्विक हील झाली. दुरुस्ती ही सेवाच, नाही का? गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडे उभं होतं म्हणून सेवेतून प्रॉडक्ट निघालं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीनं ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड जगाला फुकट खुला केला आणि ती पैसे मिळवते ते सॉफ्टवेअर चालवून देण्याचे, सांभाळण्याचे. वापरण्याचा परवाना विकायचा, कोड खुला ठेवून सेवा विकायची, की महिन्याचं भाडं घ्यायचं, हे गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे ठरवता येतं. पण आधी गिऱ्हाईक ओळखीचं लागतं.

ओळख म्हणजे काय, ते माझ्या धंद्यातून दाखवतो. पहाटे साडेपाचला संकलन सुरू होतं. रांगेत किटल्या, कॅन. दूध काट्यावर जातं, त्यातलं चमचाभर फॅट, म्हणजे स्निग्धांश, मोजणाऱ्या मशीनला, मशीनचा आकडा संगणकात, दरपत्रकातून दर, आणि उत्पादकाच्या हातात पावती. एका माणसाला वीस-पंचवीस सेकंद, त्यापेक्षा जास्त लागले तर रांग बाहेर रस्त्यावर. आमच्या पहिल्या आवृत्तीत माऊस होता, याद्या होत्या, रंगीत बटणं होती. फार देखणी होती ती. संस्थेच्या सचिवांनी पहिल्याच दिवशी कीबोर्डच्या उजव्या कडेच्या आकड्यांवर बोट ठेवून सांगितलं, “माझं सगळं काम एवढ्यात बसवा. हात दुधानं ओले असतात, एक हात किटलीवर असतो.” आम्ही परत आलो आणि सगळं मोडून पुन्हा लिहिलं. आज आमचं संकलन फक्त आकड्यांच्या बटणांवर चालतं. दिवे गेले आणि आले, तर जिथे थांबलं होतं त्याच उत्पादकापासून पुढे सुरू होतं. पावतीवर कालच्या फॅटशेजारी आजचा फॅट छापतो. ही मागणी दूध घालणाऱ्या बायकांची. फॅट अचानक उतरला तर वैरण बदलली का, जनावर आजारी आहे का, हे त्यांना त्या दोन आकड्यांवरून कळतं.

आणि एक गोष्ट तर कुठल्याच पुस्तकात नव्हती. मशीन फॅट दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवतं, दरपत्रक एका स्थळाचं. ४.१५ आलं तर ४.१ धरायचं की ४.२? शाळेतलं गणित सांगतं ४.२. पण दूध संघाकडे टँकर गेला की तिथे काय धरतात, त्यावर संस्थेला घट येते की वाढावा राहतो हे ठरतं. दिवसाला दोन वेळा, तीनशे उत्पादक, वर्षभर. त्या एका दशांशावर उत्पादकांना दिवाळीला मिळणारी जादा रक्कम ठरते आणि संचालकांची निवडणूकही. हे ज्ञान मला कुणी लिहून दिलं नाही. चार संस्थांत चार भांडणं बघून ते आलं. तेच आमचं भांडवल आहे. केनियातही लहान शेतकरी चार-पाच लिटर दूध घेऊन सहकारी संस्थेत जातो. तिथे विकायला माझ्याकडे अशी वस्तू आहे जी कॅलिफोर्नियातल्या कुणाकडे नसेल. हे स्वप्नरंजन नाही. सीप्झमध्ये सिटीबँकेची उपकंपनी म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे आय-फ्लेक्स झालेल्या कंपनीचं मायक्रोबँकर हे बँकेचं सॉफ्टवेअर आधी आफ्रिकेतल्या आणि इतर विकसनशील देशांतल्या बँकांत शिरलं, मग फ्लेक्सक्यूबच्या रूपानं जगभर गेलं. आपल्यासारख्या देशांचे प्रश्न सोडवले की आपल्यासारख्यांचा बाजार खुला होतो.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा. घरचं गिऱ्हाईक पैसे देत नाही. घासाघीस करतं, चोरून कॉपी वापरतं, एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीचं, बिल दिलं की म्हणतं, “बिघडलं तर देऊ ना, बिघडलं नाही तर कशाचे?” हे मी नाकारत नाही. माझ्या वहीत आजही दोन वर्षांपूर्वीच्या उधाऱ्या आहेत. टॅलीनं आणि क्विक हीलनंही चोरट्या कॉप्यांशी वर्षानुवर्षं झुंज दिली. अमेरिकन गिऱ्हाईक महिन्याला जेवढं देतं तेवढं मिळवायला इथे दोनशे दारं वाजवावी लागतात. मग शहाण्या माणसानं कुठे जावं?

पण गिऱ्हाईक तयार मिळतं, हा समज कुठून आला? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी म्हणाला, लोखंडानं जमीन नासते. पहिले मोजके नांगर खपायला वर्षं गेली. त्यांनी शेतकऱ्यांना अडाणी ठरवून नांगर विलायतेला पाठवले नाहीत. शेतात नेऊन चालवून दाखवले, सुटे भाग बदलता येतील असे केले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा आणि पैशाचा आधार दिला आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगराच्या जोडीनं नांगर विकत घेणारा शेतकरीही त्या माणसानं घडवला. मुंबईच्या गिरण्यांचं काहीही असो, या मातीतल्या कारखानदारीचा जन्म घरच्या, गरीब, संशयी गिऱ्हाइकातून झालेला आहे. मग आपल्याच मातीत सॉफ्टवेअरवाले हे कसं विसरतात?

शिवाय गिऱ्हाईक बदललं आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि वहीवर धंदा करणाऱ्या अनेकांनाही संगणकाकडे वळणं भाग पडलं. २०१६ च्या यूपीआयनं तीनशे रुपये महिना वसूल करणं शक्य केलं. पूर्वी तेवढ्यासाठी माणूस पाठवला तर पेट्रोलच दीडशेचं जायचं. दहा-पंधरा हजारांची सीडी एकदाच विकायची आणि तिची चोरी होताना बघत बसायचं, ही पद्धत आम्ही सोडली. आता संस्थेकडून महिन्याला ठरावीक रक्कम घेतो, त्यात सुधारणा आणि फोनवरची मदत आली. पैसे थांबले तर संकलन थांबवत नाही, उत्पादकांचं दहा दिवसांचं बिल काढायची सोय थांबते. वसुली तिपटीनं सुधारली. भाजीवाल्याच्या गाडीवर “रुपये प्राप्त झाले” असं बोलणारं खोकं आठवा. गर्दीत फोन बघायला त्याला सवड नसते, कुणी खोटा स्क्रीनशॉट दाखवून जातं, म्हणून ते खोकं आलं. त्याचं तो महिन्याला भाडं देतो. पैसे न देणारं गिऱ्हाईक ते हेच.

इथे कुणी म्हणेल, यूपीआयचंच उदाहरण तुमच्यावर उलटतं. सार्वजनिक पैशानं आणि बुद्धीनं रस्ता बांधला आणि त्यावरची पाचातली चार वाहनं दोनच ॲपची, एक वॉलमार्टच्या मालकीचं, दुसरं गूगलचं. हा टोला मी मान्य करतो. नुसता रस्ता बांधून देशी उद्योग उभा राहत नाही. पण तो रस्ता नसता तर ते बोलणारं खोकं तरी आलं असतं का? रस्ता लागतोच, त्यावर आणखीही काही लागतं, त्याकडे येतो. त्याआधी झोहो. श्रीधर वेंबूंची कंपनी १९९६ पासून प्रॉडक्टच विकते, बाहेरचं भांडवल न घेता, आणि तिची बहुतेक कमाई परदेशातून होते. मग घरच्या गिऱ्हाइकाविना प्रॉडक्ट होतं, हे सिद्ध झालं ना? झालं, एका कंपनीपुरतं. ती कंपनी किती चिकाटीनं, किती वर्षं घालून उभी राहिली ते बघा. आणि तिच्यासारख्या आणखी दहा मोजून दाखवा. अपवादाला मी सलाम करतो. त्यावर धोरण बेतत नाही.

मग दारं बंद करायची का? ब्राझीलनं १९८४ मध्ये कायदा करून आठ वर्षांसाठी संगणकाचा बाजार देशी कंपन्यांना राखून दिला. मशीन महाग झाली, जुनाट राहिली, कारखाने आणि बँका कुरकुरल्या, आणि मुदत संपल्यावर राखण उठवावी लागली. वापरणाऱ्याला शिक्षा करून बनवणारा मोठा होत नाही. माझ्या दूध संस्थेला उद्या कुणी परदेशी कंपनीनं माझ्याहून चांगलं सॉफ्टवेअर दिलं तर तिनं ते घ्यावं. पण सरकार हे देशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक म्हणून ते कसं वागतं यावर माझी खरी तक्रार आहे.

एकेकाळी ते चांगलं वागलं होतं. १९८० च्या दशकाच्या मध्यात सीएमसी या सरकारी कंपनीनं दिल्लीत रेल्वेचं संगणकीकृत आरक्षण सुरू केलं. कोटे, आरएसी, प्रतीक्षायादी, सवलती. जगातल्या कुठल्याही विमान कंपनीचं तयार सॉफ्टवेअर त्याला पुरं पडलं नसतं. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी टेलिफोन संशोधन संस्था निघाली आणि तिनं खेड्यातल्या उन्हा-धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालणारं टेलिफोन एक्स्चेंज बनवलं. दोन्ही ठिकाणी सरकार आपल्या अडचणी घेऊन इंजिनिअरांसमोर बसलं होतं. आज ते टेंडर काढतं.

काही वर्षांपूर्वी एका सार्वजनिक संस्थेनं दूध संकलनाच्याच कामासाठी निविदा काढली. काम चाळीस लाखांच्या आतलं. अटी अशा: गेली तीन वर्षं पन्नास कोटींची उलाढाल आणि शंभर कर्मचारी. आमच्या सहा जणांचा अर्ज लिफाफा उघडण्याआधीच बाद. काम एका मोठ्या कंपनीला गेलं. तिच्या माणसानं तीन महिन्यांनी फोन केला आणि तेच काम पोटकंत्राटावर आम्हाला दिलं, निम्म्याहून कमी पैशात. सॉफ्टवेअर आमचं चाललं, पाटी त्यांची लागली, आणि आमचं शेवटचं बिल चौदा महिन्यांनी निघालं. त्या चौदा महिन्यांत एक चांगला मुलगा पुण्याला निघून गेला. मी त्याला अडवू शकलो नाही. पगारच दोन महिने थकला होता.

यावर नियम आहेत, असं सांगितलं जातं. आहेत. स्टार्टअपला उलाढालीच्या अटीतून सवलत देता येते, पण स्टार्टअप म्हणून मान्यता दहा वर्षांपर्यंतच, आणि आम्ही अठरा वर्षांचे. म्हणजे टिकून राहिलो हाच गुन्हा. २००६ च्या कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायला हवेत. २०२४ पासून आयकर कायद्यानं त्याला दातही दिले: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. खासगी व्यापारी त्यानं सरळ झाले, मी स्वतः पाहिलं. पण सरकारी खातं आयकरच भरत नाही, त्याला या दातांची भीती कसली? मला सवलतीचा पैसा नको, करमाफी नको. कामाचे तुकडे लहान करा. उलाढाल विचारण्याऐवजी दोन सॉफ्टवेअरवाल्यांना एकेका तालुक्यात तीन महिने चालवून दाखवायला सांगा आणि त्या तीन महिन्यांचे पैसे द्या. मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाचं व्याज बिलाबरोबर आपोआप निघू द्या. सगळ्यात कमी दराला काम देण्याची सवय सोडा, कारण सॉफ्टवेअर हा डांबराचा रस्ता नव्हे. ते दुसऱ्या दिवसापासून बदलावं लागतं.

आणि एक अट आमच्यासारख्यांवरही घाला. माहिती गिऱ्हाइकाची राहिली पाहिजे आणि ती सर्वांना वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढता आली पाहिजे. हे मी मराठी टायपिंगच्या इतिहासावरून म्हणतो. १९९० च्या दशकात मराठी फाँटचा धंदा जोरात होता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची उत्पादनं. वर्तमानपत्रं, छापखाने, लग्नपत्रिकावाले पैसे मोजून ती घेत, संगणकाला डाँगल, म्हणजे चोरी रोखणारं छोटं उपकरण, लावून वापरत. घरच्या गिऱ्हाइकावर वाढलेला तो अस्सल प्रॉडक्टचा धंदा होता, आणि मराठी छपाईवर त्याचे मोठे उपकार आहेत. पण प्रत्येक फाँटची अक्षरांची मांडणी निराळी. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसत्या चिन्हांचा चिवडा. सगळ्या संगणकांवर अक्षरांची एकच मांडणी ठरवणारं युनिकोड रुळलं तेव्हा वर्षानुवर्षांचा मराठी मजकूर असा अडकून पडला होता की शोधता येईना, चिकटवता येईना. अजूनही कितीतरी छापखान्यांत तो तसाच पडून आहे. गिऱ्हाईक कोंडून ठेवलं की विकणाऱ्याला चार वर्षं बरं जातं, भाषेचं मात्र वीस वर्षांचं नुकसान होतं.

शेवटी त्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडे, जिच्यामुळे हा वाद पेटला. कोड लिहिणं स्वस्त होतं आहे, यात शंका नाही. ज्यानं फक्त कोड लिहिण्याचे तास विकले त्याच्यासाठी ही वाईट बातमी आहे, आणि त्यात माझ्या ओळखीची, उमेदीची मुलं आहेत म्हणून ती मला सहज झेपत नाही. पण कोड स्वस्त झाला की महाग काय होतं? ४.१५ चं काय करायचं हे ठाऊक असणं. ते यंत्राला माहीत नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नाही. आजवर त्या ज्ञानाचं सॉफ्टवेअर करायला माझ्यासारख्याकडे माणसं नव्हती. गेल्या वर्षी निपाणीकडच्या काही संस्थांनी विचारलं, पावती कन्नडमध्ये मिळेल का? पूर्वी हे काम मी तीन महिने पुढे ढकललं असतं. या वेळी आमच्यातल्या दोघांनी यंत्राच्या मदतीनं ते नऊ दिवसांत केलं. दहाव्या दिवशी पहाटे आम्ही तिथल्या संकलनावर उभे होतो. पहिली पावती घेतलेल्या बाईंनी ती दिव्याखाली धरली, कालचा फॅट वाचला, आजचा वाचला, आणि सचिवांना विचारलं, “अक्षर थोडं मोठं होईल का?” ते काम आता चालू आहे.